माझ्या पातेल्यात तू काय टाकलंस

प्रिय चवळे,

हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा ते आधी कुणीतरी वाचलेलं असेल. स्फोटानंतर चौकशीतल्या माणसांची पाकिटं फोडूनच पोचवतात, असं तुझा नवरा, आपल्या गावचे जावईबापू, मला फोनवर म्हणाले आणि एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. त्यांचा राग मला समजतो. चौकशी संपेपर्यंत कामावरच्या कुणी तुला भेटायचं नाही असा हुकूम आहे, नाहीतर दार वाजवून आलेच असते आणि जावईबापूंच्या चार शिव्याही खाल्ल्या असत्या. तर मधल्यामध्ये जो कोणी हे वाचत असेल त्यालाही माझा नमस्कार. अक्षर वाईट आहे, पण चष्मा लावून शेवटपर्यंत वाचा, कारण यात तुमच्याही कामाचं आहे.

आधी खबरबात सांगते. आपण रांधत होतो ती परिषद एकदाची आटोपली. एकवीस देशांचे अर्थमंत्री, बँकांचे मोठमोठे साहेब आणि त्यांची पिलावळ आपापल्या विमानांनी गेली. जाताना त्यांनी एक निवेदन काढलं, त्यात म्हणे दहशतीला पैसा पुरवणारे सगळे रस्ते बंद करणार. रस्ते बंद झाले ते तू सासूबाईंना दरमहा औषधपाण्याला पाठवायचीस त्या पैशांचे, हे काही निवेदनात नाही. तेलाच्या डब्याचा भाव अजून खाली आलेला नाही. वायदेबाजाराच्या इमारतीखाली एक बाँब फुटतो, बाजार तीन दिवस बंद राहतो, आणि इकडे आपण तळणीचं तेल दोनदा गाळून वापरतो. यातलं काय कशाला जोडलेलं आहे ते मला कधीच कळलं नाही. ‘इस्त्री’ मात्र सगळं समजल्यासारखा फिरत होता शेवटपर्यंत. शिष्टाचार खात्याच्या त्या माणसाला हे नाव तूच ठेवलंस आणि आता सगळं स्वयंपाकघर त्याला तेच म्हणतं. त्याच्या पँटची घडी अजूनही तशीच आहे. रोज सकाळी टेबलांचा नकाशा घेऊन यायचा आणि आज कोण कुणाशेजारी बसणार नाही ते सांगायचा. समारोपाच्या जेवणाला त्याने दोन देशांच्या मधे फुलांची एवढी मोठी परडी ठेवायला लावली, की वाढप्यांना पलीकडचा माणूस दिसेना.

तांदळाचं आठवतं ना? स्फोटाचा संशय तुझ्या सासरच्या देशावर आला, तिथलं काही वापरायचं नाही असा कागद आला, आणि आपण तो तांदूळ गाडीत चढवून परत पाठवला. चौथ्या दिवशी दुसऱ्याच देशाचा शिक्का असलेली नवी पोती आली. तू पोत्यात नाक खुपसलंस आणि हसत सुटलीस. म्हणालीस, मुकादम, पोतं बदललं हो, तांदूळ आमचाच आहे! मीही वाकून वास घेतल्यासारखं केलं आणि हसले. पण तो ‘आमचा’ माझ्या कानात अडकला. तुझं-माझं माहेर एका गावचं, भाषा एक, आणि तू लग्न करून त्या देशाची झालीस ते आम्ही कधी मोजलंही नव्हतं. त्या दिवशी मी मोजलं. मनात पाल चुकचुकली ती तिथे.

ते दिवस कसे होते तुला सांगायला नको, पण वाचणाऱ्यासाठी सांगते. सुऱ्या सकाळी मोजून द्यायच्या, संध्याकाळी मोजून घ्यायच्या. आमचे स्वतःचे डबे फाटकावर उघडून बघायचे. आमच्या स्वयंपाकघरात अकरा देशांची माणसं. एरवी जेवायच्या सुट्टीत एकमेकांच्या डब्यात हात घालणारी, एकमेकांच्या भाषेतल्या शिव्या पाठ करणारी. ती भिंतीकडे तोंड करून आपापलं खायला लागली. कोण कुणाला फोन करतं, कोण कपाटाला कुलूप लावतं, यावर सगळ्यांची नजर. आणि मी तर मुख्य स्वयंपाकीण, मला चष्मेवाल्या सुरक्षा साहेबांनी वेगळं बसवून सांगितलं होतं, की बाई, पाहुण्यांच्या ताटात काही गेलं तर पहिला जाब तुम्हाला. मग मी डोळ्यांत तेल घालून बघायला लागले. खोटं कशाला सांगू, मला ते जरा आवडलंही होतं. कुणाकडे तरी संशयाने बघत राहिलं की स्वतःकडे बघावं लागत नाही.

आणि बघायला लागले तर तूच दिसायला लागलीस. परिषदेच्या तिसऱ्या दिवशी सायीचं अख्खं भांडं तू मोरीत ओतलंस. अय्या, माझाच धक्का लागला, म्हणालीस. धक्का कुणाचाच लागला नव्हता, मी समोर उभी होते. त्याच आठवड्यात मी कोठीतून परत आले तर तू मागची खिडकी सताड उघडून बाहेर फडकं हलवत होतीस. ज्या खिडकीखालून मंत्र्यांच्या गाड्या जायच्या आणि जी उघडायची सक्त मनाई होती, तीच. विचारलं तर म्हणालीस, उकडत होतं. बाहेर स्वेटरची थंडी होती. आणि मग ती डबी. खोकल्याच्या गोळ्यांची चपटी डबी तू एप्रनच्या खिशातून काढायचीस, मी पाठ फिरवली की माझ्या पातेल्यावर वाकायचीस, आणि चिमूटभर काहीतरी टाकून ढवळायचीस. शीतकपाटाच्या चकचकीत दारात मला तू तीनदा तशी दिसलीस. माझ्या पातेल्यात! पंचवीस वर्षांत माझ्या पातेल्यात कुणी चमचा घातलेला नाही. 

तुला अजून वाटत असेल की तुझं नाव कॅमेऱ्यामुळे पुढे आलं. आपल्या स्वयंपाकघरात कॅमेरा फक्त दारावर आहे, चवळे. चष्मेवाल्यांनी आम्हाला एक छापील फॉर्म दिला होता, वागणुकीत बदल जाणवलेल्या व्यक्तीचं नाव लिहा म्हणून. सगळ्यांनी कोरा परत केला. मी लिहिला. खिडकी लिहिली, फडकं लिहिलं, डबी लिहिली, वर ‘आमचा तांदूळ’ सुद्धा लिहिलं. दुसऱ्या दिवशी ते तुला न्यायला आले तेव्हा मीच तुला चहा करून दिला, तुझी पिशवी फाटकापर्यंत धरली, आणि तू माझ्या गळ्यात पडून म्हणालीस, मुकादम, तुम्ही जेवणाच्या वेळा सांभाळा, काळजी करू नका. मला वाटलं, काय पोचलेली बाई आहे.

डबीचा तपासणी अहवाल दुसऱ्याच दिवशी आला. धने, जायफळ, लिंबाची वाळवलेली साल, सगळं भाजून कुटलेलं. विष नाही, काही नाही. तरीही तुला घरी पाठवून चौकशी चालूच ठेवली, कारण दुसऱ्याच्या पातेल्यात ही पूड का टाकत होतीस, याचं उत्तर तू दिलं नाहीस. चष्मेवाले मला म्हणाले, आठ वेळा विचारलं बाई, आठही वेळा ती म्हणते, सहज. खिडकी का उघडली, सहज. साय का ओतली, धक्का लागला. निरपराध माणूस असं गप्प राहील का? मीही मान डोलावली. आता सोमवारी तुझी सुनावणी आहे. निकाल विरुद्ध गेला तर पंधरा दिवसांत जावईबापू, तू आणि माझी भाची, तिघांनी हा देश सोडायचा, पोरीची शाळा अर्धवट टाकून. आणि जायचं कुठे, तर जिथे रोज बाँब पडतायत तिथे.

तू गेल्यावर दोनच दिवसांनी समारोपाचं जेवण होतं. सव्वाशे ताटं. त्यातली नव्वदाहून जास्त तशीच परत आली. मी घसा फोडून वाढप्यांवर ओरडले, की तुम्ही थंड वाढलंत. तेव्हा आपले भांडीवाले काका, जे वर्षात दहा वाक्यंही बोलत नाहीत, हात पुसत माझ्यासमोर उभे राहिले. म्हणाले, मुकादम, रस्सा करपलाय. दाराबाहेर वास येतोय. तुम्हाला येत नाही का? मी झाकण उचलून आत बघितलं. मग म्हणाले, ती असती तर हे बाहेर गेलंच नसतं. मागे दोनदा तुमचं पातेलं खाली लागलं होतं, तिने ते मला घासायला दिलं आणि धावपळ करून त्याच मापाचं दुसरं चुलीवर चढवलं. मला पोरीची शपथ घातली होती, म्हणून बोललो नाही. आणि त्या दिवशी तुम्ही गॅसचं बटण चालू ठेवून कोठीत गेलात. ज्योत विझलेली. मी मोरीपाशी होतो, माझं डोकं गरगरायला लागलं. तिने बटण बंद केलं, खिडकी उघडली, आणि गॅस बाहेर जावा म्हणून फडक्याने वारा घालत बसली.

मी कोठीत जाऊन कांद्यांच्या पोत्यावर बसले. नुसती रडले, चवळे. डोळ्यांत कांदा गेला असं सांगायचीही सोय नव्हती, कारण कांदे सोललेले नव्हते.

तुला माहीत आहे, पण मी हे कधीच तोंडाने बोललेली नाही, म्हणून एकदा लिहिते. स्फोट झाला तेव्हा मी वायदेबाजाराच्या शेजारच्या मंडईत होते. धक्क्याने मागे पडले आणि डोक्याची मागची बाजू फरशीच्या कडेवर आपटली. दोन टाके. आपल्या कोथिंबीरवाल्या आजी माझ्यापासून चार पावलांवर होत्या, त्या गेल्या. माझं दोन टाक्यांवर निभावलं म्हणून मी चौथ्या दिवशी कामावर आले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी कॉफीचा डबा उघडला आणि काहीच आलं नाही. वासच नाही. जिभेला खारट, गोड, आंबट तेवढं कळायचं, बाकी सगळं ओला कागद चावावा तसं. वाटलं, चार दिवसांत येईल. मग वाटलं, चार आठवड्यांत. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, आणि या स्वयंपाकघरातल्या भांड्याकुंड्यांशिवाय मला जगात दुसरं काही येत नाही. नाक गेलेल्या स्वयंपाकिणीला कोण ठेवतं? म्हणून मी सवयीच्या मापांवर रेटत होते आणि पोत्यावर वाकून वास घेतल्याचं नाटक करत होते.

साय नासलेली होती ना? मी ती सगळ्यांच्या देखत गोडाच्या पातेल्यात ओतणार होते. तू तेवढ्यात ती सांडलीस, म्हणजे नासलेलं मला कळलं नाही हे कुणालाच कळू नये. चक्रम मुली, मला एकटीला बाजूला घेऊन सांगायचं होतंस. पण सांगितलं असतंस तर मी तुझं डोकं खाल्लं असतं, हेही तुला पक्कं ठाऊक. म्हणून तू घरून पूड भाजून आणायचीस आणि माझ्याच पदार्थाला माझी चव लावून ठेवायचीस. पहिल्या आठवड्यात कुठल्यातरी बँकेच्या साहेबांनी आत येऊन माझे हात धरले होते, असं जेवण आयुष्यात जेवलो नाही म्हणाले. मी ते कौतुक सगळ्यांदेखत गिळलं. तू मागे उभी राहून टाळ्या वाजवत होतीस.

तर आता हे पत्र कशासाठी ते सांगते. काल मी कान-नाकाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी डोळे बांधून पाच बाटल्या हुंगायला दिल्या. कॉफी, लवंग, साबण, लिंबू आणि रॉकेल. मी पाचही वेळा पाणी म्हणाले. त्यांनी दाखला दिला. तो आणि माझा चार पानी जबाब आज सकाळी मी सुनावणीच्या कचेरीत देऊन आले, कामाचा राजीनामाही दिला. पण तिथल्या बाईंनी कागद वाचून मला सरळ विचारलं, की मैत्रिणीला वाचवायला तुम्ही हे रचून सांगत नाही कशावरून? तिने तर आठ वेळा ‘सहज’ म्हटलंय. त्यांचंही बरोबर आहे, आजकाल कुणी कुणावर का म्हणून विश्वास ठेवावा. भांडीवाले काका साक्षीला येतो म्हणतायत, पण तू नाही म्हणालीस तर त्यांचंही कुणी ऐकणार नाही. आणि मला तुझी खोड माहीत आहे. सोमवारी ते विचारतील, हिला वास येत नाही हे खरं का, आणि तू माझ्याकडे बघून म्हणशील, छे, काहीतरीच. तसं करू नकोस. मी तिथलं काम सोडलं आहे, माझं आता काही वाचवायचं राहिलेलं नाही. साय सांग, करपलेली पातेली सांग, गॅस सांग, एकही गोष्ट लपवू नकोस. मी तुझी चुगली केली तेव्हा माझा हात जरासुद्धा थरथरला नव्हता. आता तू माझी कर. सोमवारी दहा वाजता, सगळ्यांच्या देखत, मोठ्याने.

तुझीच,
मुकादम