एक जूनची मुलं

निपाणी,
१५ सप्टेंबर १९८५

प्रिय धर्मराज,

पाकिटावर तुझा हुद्दा घातलाय तो तुझ्या ऑफिसातल्या शिपायासाठी. घरच्या पत्त्यावर पाठवलं असतं तर वासंतीने आधी फोडलं असतं, आणि हे पत्र आधी तू एकट्याने वाचावंस असं मला वाटतं. खुर्चीत बसून वाच, उभ्याने नको. तुझा डावा गुडघा अजून त्रास देतो हे तू बायकोलासुद्धा सांगत नाहीस, पण गेल्या वर्षी आमच्या शाळेचा जिना उतरताना कठडा कसा घट्ट धरला होतास ते मी पाहिलंय. मास्तरणीच्या नजरेतून काही सुटत नाही.

इकडे बरं आहे. तुझ्या दाजींची दाढ काढली, त्यामुळे घरात चार दिवस चांगली शांतता होती. मला यंदा चौथीचा वर्ग दिलाय. पंचावन्न पोरं आणि एक खिडकी. वखारीतला तंबाखूचा खकाणा अजून वर्गात येतो, पोरं शिंकतात, मीही शिंकते, आणि मग आम्ही सगळे मिळून पाढे म्हणतो. आई त्या वखारीत तीस वर्षं राबली. ती गेल्यालाही आता चार वर्षं झाली.

तुझे कौतुकाचे दिवस हल्ली फार आठवतात. बेळगावच्या खासबागेत खोली घेऊन तू हायस्कुलात शिकत होतास, तेव्हा मी एस.टी.च्या ड्रायव्हरकडे तुझ्यासाठी भाकरी आणि खर्डा द्यायची. एकदा भाकरी परत आली. तू कॅम्पात पलटणीच्या पोरांबरोबर फुटबॉल खेळायला गेला होतास, ड्रायव्हरला भेटलाच नाहीस. मी चिडून बेळगावला आले आणि मैदानाच्या कडेला उभी राहिले. तू अनवाणी होतास, समोरच्यांच्या पायात बूट. त्यांच्यातल्या तिघांना चकवून तू बॉल घेऊन पुढे गेलास, आणि मला माझा राग कुठे गेला तेच कळलं नाही. तिथला एक सुभेदार मला म्हणाला, "बाई, हे पोरगं तुमचं कोण?" मी म्हटलं, "माझा भाऊ." एवढ्या मोठ्याने म्हटलं की आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली.

पुढे तू देशाकडून खेळलास. कलकत्त्याच्या सामन्याची कॉमेंटरी हेडमास्तरांच्या रेडिओवर लागायची, आम्हाला त्यातलं निम्मं समजायचं नाही, फक्त तुझं नाव आलं की सगळा स्टाफ टाळ्या वाजवायचा. पंचाहत्तर साली तू तिथेच पडलास, आणि उठला नाहीस, तेही त्याच रेडिओवर ऐकलं. ऑपरेशननंतर तू लिहिलं होतंस की आता मैदान संपलं, माणूस म्हणून आपण काय राहिलो कळत नाही. मग तुला बंगलोरला राज्याच्या असोसिएशनमध्ये सेक्रेटरी म्हणून घेतलं. मला भीती होती की तू तिथे हार घालून घेणारा पाहुणा होशील. तसा झाला नाहीस. जिल्ह्याच्या पोरांना बूट मिळाले ते तुझ्यामुळे. पंचांना जेवण, गाडीभाडं वेळेवर मिळू लागलं तेही तुझ्यामुळे. नात्यागोत्यातल्या पोरांची भरती तू बंद केलीस. लोक म्हणायचे, हा माणूस नियमाला पक्का. मी शाळेत मिरवायची.

आता आमच्या पोरांबद्दल. विहारामागच्या पटांगणावर खेळणारी ती टीम यंदा जिल्ह्यात पहिली आली. सोळा वर्षांखालच्या गटात बेळगावच्या इंग्रजी शाळांना हरवून आली. देवाप्पाचा शामू त्यांचा गोलकीपर. त्याला बंगलोरच्या स्पोर्ट्स होस्टेलमध्ये जागा मिळाली होती, पत्र आलं होतं, त्याच्या आईने नवी बॅग घेतली होती. मग हरलेल्यांपैकी कुणीतरी तक्रार केली आणि तुमच्या ऑफिसने शाळेचे दाखले मागवले. चौदा पोरांपैकी नऊ जणांची जन्मतारीख एकच निघाली. एक जून एकोणीसशे सत्तर. तुमच्या समितीने लिहिलं की हा सरळसरळ बनाव आहे. टीम बाद, नऊ पोरांना दोन वर्षं बंदी, होस्टेलची जागा रद्द. खाली सही तुझी.

धर्मा, ते दाखले ज्या रजिस्टरावरून निघाले, ते शहात्तर सालचं रजिस्टर माझ्या हातचं आहे. पहिलीचा वर्ग तेव्हा माझ्याकडे होता. त्याच्या पानांचे फोटो तुमच्या फाइलमध्ये आहेत असं हेडमास्तर म्हणाले. म्हणजे तू माझं अक्षर पाहिलंस. त्याच अक्षरात मी तुला पाटीवर मुळाक्षरं काढून दिली होती. तू ते ओळखलं नाहीस असं मला सांगू नकोस.

त्या नऊ जणांच्या आया कुठल्या तारखा सांगणार होत्या? जूनमध्ये शाळा उघडते, मूल सहा वर्षांचं पुरं हवं, म्हणून मास्तर एक जून लिहितो. आमच्याकडे सगळे हेच करत आले. बंगलोरच्या साहेबांना ते ठाऊक नसेल, तुला ठाऊक होतं. शामू तर त्या वर्षीच्या आषाढात, बैलांच्या बेंदराला जन्मला, म्हणजे दाखल्यापेक्षा महिनाभर लहानच आहे. त्याच्यावर वय चोरल्याचा ठपका आलाय.

देवाप्पा तुला भेटायला बंगलोरला आला होता. बेळगावला उद्यमबागेतल्या फौंड्रीत तो साचे भरतो, दोन दिवसांची रजा काढून आला. पहिल्यांदाच गेला होता तिकडे. परत आल्यावर माझ्या दारात बसून म्हणाला, "सायबांनी च्या पाजला, मास्तरीणबाई. लई गोड बोललं. पर म्हणालं, दाखला खोटा तो खोटा, माझ्या हातात काय न्हाय." मी पाण्याचा तांब्या पुढे केला. मग तो म्हणाला, "माझं पोरगं खोटं न्हाय वो." गेल्या सोमवारपासून शामू बापाबरोबर फौंड्रीत जातोय. शनिवारी घरी आला तेव्हा मी त्याचे हात पाहिले. मैदानावर ये म्हटलं तर म्हणाला, "कशाला, बाई?"

तू का गप्प बसलास ते मला कळतं, म्हणून तर हे इतकं जड जातंय. छप्पन साली मी तुला हाताला धरून शाळेत नेलं. त्याआधी दोन वर्षं तू सदलग्याला मामाच्या म्हशी राखत होतास. मारुतीराव मास्तरांनी विचारलं, "कवा जल्मला?" आई म्हणाली, "वखारीत तंबाखू आलता, लई थंडी हुती." मास्तरांनी तुझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आठ वर्साचा घोडा पहिलीत बसवला तर पोरं हसतील गं. सहा लिवतो." आणि त्यांनी लिहिलं, एक जून एकोणीसशे पन्नास. आईला बरं वाटलं, मलाही. दोन वर्षं वाचली असं वाटलं.

त्या दोन वर्षांचं काय झालं ते तुला नि मलाच माहीत आहे. एकोणसत्तर साली एकोणीस वर्षांखालच्या भारतीय संघात तुझं नाव आलं, तेव्हा तू रात्रीची एस.टी. पकडून माझ्याकडे आलास. चहा पुढे ठेवला तर प्यायला नाहीस. विचारलंस, "आक्का, माझं खरं वय किती?" तू एकवीस वर्षांचा होतास. मी म्हटलं, "दाखल्यात हाय तेवढंच. गप जा." तू गेलास. बँकॉकहून रंगीत कार्ड पाठवलंस. तिथूनच तुझं सगळं सुरू झालं. खऱ्या एकोणीसच्या आतल्या कुणा पोराची ती जागा होती, त्याचं नावसुद्धा आपल्याला माहीत नाही. तू विचारायला आला होतास, पाप म्हणायचं तर ते माझं आहे. पण त्या वेळी मला फक्त तू दिसत होतास.

हे पत्र कशासाठी ते आता लिहिते. पोरांच्या अपिलावर तुमच्या समितीने माझा लेखी जबाब मागवलाय. तारखा कशावरून लिहिल्या, ही पद्धत कुठून घेतली, ते तीस तारखेच्या आत कळवा म्हणून. जबाब लिहून झालाय. तारखा मी अंदाजाने लिहिल्या, पोरांचा आणि आईबापांचा काही दोष नाही, असं लिहिलंय. त्यासाठी खातं माझ्यावर काय कारवाई करेल ती करो. पण निपाणीच्या एका मास्तरणीचं तिथे कोण ऐकणार? म्हणून पुढे हेही लिहिलंय की ही पद्धत मी पहिल्यांदा माझ्या भावाला शाळेत घालताना पाहिली. त्याचं नाव लिहिलंय. त्याचं खरं वयही लिहिलंय. सेक्रेटरीची तारीखच एक जून आहे हे वाचल्यावर त्या नऊ पोरांना कुणाला खोटारडं म्हणता येणार नाही. तुझे दाजी दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीत. जबाब पंचवीस तारखेला रजिस्टर पोस्टाने जाईल. हे पत्र तुला त्याच्या आधी मिळेल. तेवढ्या दिवसांत तू स्वतः उठून समितीपुढे सांगितलंस, तर लोक म्हणतील, धर्मराज खरं बोलला. नाही सांगितलंस तरी जबाब जाणार आहे. मी तुला धमकी देत नाही रे, दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं एवढंच. तू पुन्हा माझ्या दारात येणार नाहीस, हे धरूनच मी तो लिहिलाय. आईनंतर तुझ्याशिवाय मला माहेर नाही, धर्मा, आणि ते मी माझ्या हाताने बंद करते आहे.

तू मानलंस नाही मानलंस, तरी तुझीच,
आक्का