स्कॅन स्वच्छ आला तरी

श्रीवर्धन,
१७ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप आबांना जागृतीचा नमस्कार.

इकडे सगळे बरे आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. माणगावला वन्सं तुमच्या खाण्यापिण्याचं बघत असतीलच. फोनवर तुम्हांला ऐकू येत नाही आणि मी मोठ्याने बोलले तर ह्यांच्या कानावर जातं, म्हणून कागदच बरा.

वाडीतली सुपारी पिकली आहे. शेजारचे अंबाजीभाऊ उतरवून देतो म्हणालेत. पोफळीवरून पडल्यापासून ह्यांना उजेड सोसत नाही. पडवीत डोळ्यांवर पंचा टाकून बसतात. सकाळी न्याहारी केली की नाही, ते दुपारी आठवत नाही. येणारेजाणारे विचारतात, स्कॅन स्वच्छ आला ना, मग कामाला का जात नाही? सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

रक्ताच्या तपासणीचं तुम्हांला अर्धंच सांगितलं होतं. मेंदूच्या पेशींना मार लागला की त्यांच्यातली प्रथिनं रक्तात उतरतात. ह्यांच्या रक्तात ती बरीच वाढलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, साध्या स्कॅनमध्ये न दिसणारीही इजा असते. मोठ्या तपासणीत, एमआरआयमध्ये, ती दिसली. सोंग नाही हे, आबा. बरं होईपर्यंत डोक्याला पुन्हा मार बसता कामा नये. बसला तर जिवावर बेतेल.

पडल्यावर लगेच काय केलं, असंही डॉक्टरांनी विचारलं. मी औषधांच्या वेळा विचारल्या. पडलेल्याने त्याच पोफळीवर लागलीच चढायचं, नाहीतर भीती कायमची बसते, ही आपल्या घरची चाल. तुम्हीच म्हणालात, "चढ रे सदा, काय न्हाय झालंय." हे झोकांड्या खात चढले. अर्ध्यावरून उतरून ओकले, तर तुम्ही भित्रा म्हणालात. तुमच्यावर राग नाही, असं लिहिणार होते. राग आहे.

काल हे दिसेनात म्हणून मी वाडीत गेले. पायांत चढायची दोरी अडकवून, पोफळीला मिठी मारून उभे होते, डोळे मिटून. म्हणाले, "आबा यायच्या आत येकदा चढून ठेवतो."

दोरी मी लपवली आहे, पण गावात दोऱ्यांना काय तोटा? मिळेल त्या एसटीने या. येऊन एवढंच म्हणा, चढू नको. माझं ते ऐकत नाहीत. तुमचं ऐकतात. त्या दिवशीही ऐकलंच की.

तुमची सून,
जागृती