पॅसेजमधला दिवा

४ फेब्रुवारी

हाड जुळलं! डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला आणि माझा जीव भांड्यात पडला. "आता चालवा त्यांना," म्हणाले. म्हणायला काय जातं! सासरे पलंग सोडतील तर शपथ. "पाय टेकला की पुन्हा पडेन" — एकच पालुपद. आणि असेच पडून राहिले, तर पायातलं बळ कायमचं जाईल, हेही डॉक्टरांनीच मला बाजूला घेऊन सांगितलं.

७ फेब्रुवारी

वॉकरवर टॉवेल वाळत घालते. तेवढाच उपयोग!

८ फेब्रुवारी

विजेचं बिल आलं. नवरा हबकलाच. हबकेल नाहीतर काय — बाबा पडल्यापासून दिवे बंद करणारं घरात कोणी उरलंय का? आधी घरभर खटाखट बटणं बंद करत फिरायचे. मी खोलीत असले तरी! असा संताप यायचा! "दोन पावलांना दिवा कशाला" म्हणूनच तर अंधारात पॅसेजमध्ये पडले. आता सगळीकडे दिवे जळतात आणि कोणी ओरडत नाही. घर कसं सुनं सुनं वाटतं.

९ फेब्रुवारी

नवऱ्याने जुने बल्ब काढून सगळीकडे एलईडी लावले. स्टुलावर हा, खाली स्टूल धरून मी, आणि "हलवू नकोस गं!" चाललेलं. लख्ख उजेड, आणि वीज म्हणे जुन्याच्या पावपटही नाही. पण ओट्यावर एवढे डाग? कधीपासून?

पॅसेजमध्ये आपोआप लागणारा दिवा बसवला. कोणी आलं की लागतो, गेलं की विझतो. बाबांना सांगितलं.

"बटण कोण दाबणार?"

"कोणीच नाही, बाबा."

"हं." बराच वेळ दाराकडे बघत होते.

१२ फेब्रुवारी

संध्याकाळी आम्ही तिघं स्वयंपाकघरात, आणि पॅसेजमध्ये उजेड! हातातलं पातेलं आपटून धावले. शेजारणीचं मांजर! दिव्याखाली ऐटीत बसलेलं. नवरा आणि लेक हसून हसून बेजार. मला मात्र रडूच आलं.

१५ फेब्रुवारी

बाबा पडल्या पडल्या मांजरावर ओरडतात. "हूऽश! फुकट जाळतंय दिवा!" किती दिवसांनी तो आवाज! बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

१७ फेब्रुवारी

कांदा चिरत होते. पॅसेजमध्ये दिवा लागला. "आलं बघ मांजर," म्हटलं, मान वर न करता.

लेक म्हणाली, "आई, मांजर माझ्या पायाशी आहे."

खट! ओट्यावरचा दिवा गेला.

"एवढ्याशा स्वयंपाकघरात दोन-दोन दिवे कशाला, सूनबाई?" वॉकर धरून दारात उभे! माझा टॉवेल अजून त्यावरच.

तो दिवा पुन्हा लावायची कोणाची टाप होती! अर्ध्या उजेडातच जेवलो सगळे. काय गोड लागलं आज जेवण!