यू दाबत गेले तेव्हा

प्रिय कारिन,

पहिला आला तो रॉयच, आणि बूट काढायच्या आत विचारतो कसा, "इंगा, आज कप कोण धुणार?" मागोमाग डोलोरेस, लिंबाच्या वड्यांचा, लेमन बारचा, डबा घेऊन. तुझे बाबा गेल्यापासून गुरुवारची ही मंडळी डुलुथच्या या घरात फिरकली नव्हती. नियम आठवतो ना? बाबांच्या कॉम्प्युटरवरच्या लिहायच्या त्या प्रोग्रॅममध्ये सगळं बटणांनी करायचं. जो माउसला हात लावेल, तो सगळ्यांचे कप धुणार. दर वेळी रॉयच धुवायचा.

मी पडले सहावी पास. पण हाताला हा कंप, माउस बेडकासारखा उड्या मारतो. म्हटलं, मलाही शिकवा. डोलोरेसने माउसनेच वरचा मेनू उघडून दाखवला. प्रत्येक कामापुढे त्याचं बटण लिहिलेलं. "नवख्यांना माफ आहे," म्हणाली.

मला तुलाच पत्र लिहायचं होतं, तर तुझ्या नावाची फाईल आधीच तिथे! आत एकच ओळ : "कारिन, गाडीला बर्फातले टायर लावून घे." माणूस गेला, आणि लेकीसाठी मागे ठेवलं काय, तर टायर!

लिहायला गेले आणि आधी आय दाबायचं विसरले. त्याशिवाय तिथे अक्षर म्हणजे हुकूम असतो गं. माझ्या पहिल्याच अक्षराने ती ओळ गिळली. तेवढीच तर होती! "एस्केप दाब, मग यू. यूने झालेलं मागे घेता येतं," डोलोरेस म्हणाली. दाबलं. ओळ परत! मी अशी हरखले की यू दाबतच सुटले.

तर टायरखाली दुसरी ओळ उगवली. मग तिसरी. रॉयने कप खाली ठेवला. "हॅरलनने लिहून खोडलेलं आहे हे. त्याचं यंत्र काही विसरत नाही." कारिन, चर्चमध्येसुद्धा माझ्या अंगावर असा काटा आला नव्हता. "पाव भाजण्यासाठी का एवढं शिकवलं होतं तुला, असं म्हणालो. चुकलो." आणि खाली : "तुझ्या बेकरीतला काळा पाव रॉय फार्गोहून आणतो. इंगाला मी सांगतो, इथल्याच दुकानातला आहे."

मी रॉयकडे पाहिलं. "वचन घेतलं होतं त्याने," म्हणाला, आणि माउसला न शिवताच कप धुवायला उठला.

तू दार आपटून गेलीस त्याला तीन वर्षं झाली. मातीलाही आली नाहीस. मी तुला बोल लावत नाही. पण अजून पाच ओळी आहेत, त्या मी सांगणार नाही. डोलोरेसने फाईल पुन्हा टायरवर आणून ठेवलीय. तू त्यांच्या खुर्चीत बस आणि स्वतः यू दाब. रॉय शनिवारी पावासाठी तुझ्याकडे येईल, त्याच्याच हाती हे पत्र देतेय. सोफीलाही आण, तिला आजीने बटणं शिकवायचीत. रॉय आणि डोलोरेसने पुन्हा यायचा शब्द दिलाय, येत्या गुरुवारी.

तुझीच,
आधी आय दाबूनच हे लिहिणारी आई