नाक्यावरून परत

प्रिय कृतिका,

प्रिय लिहिलंय म्हणजे राग गेला असं समजू नको. मराठीत लिहितोय, कारण इंग्लिशमध्ये भांडलो की तू म्हणायचीस, हा ऑफिसचा ईमेल झाला, मी नाही वाचत. तर घे, मराठीत घे. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, कॉन्व्हेंटवाल्याला तेवढी सवलत दे.

आधी त्या दिवसाचं सांगतो. तू तिथेच होतीस, पण तुला काहीच माहीत नाही. सकाळी तू गेलीस आणि तासाभरात आपल्या बिल्डिंगखाली मानपाड्याची अख्खी भावकी उभी. गोदाआत्याने सगळं हातात घेतलं. माझ्या पप्पांची मोठी बहीण, तिच्यापुढे कोण बोलणार. तुला हिरवी साडी नेसवली, जरीची. रेडिएशननंतर तुला साधा कॉटनचा गाऊन टोचायचा, मी प्रत्येक कपड्याचा टॅग कापून द्यायचो, आणि ह्यांनी तुला जरीत गुंडाळलं. हिरव्या बांगड्या, हळद, कपाळभर कुंकू. केस आत्ता कुठे बोटभर उगवलेले, त्यात गजरा राहीना, म्हणून स्कार्फ बांधून त्याला पिना मारल्या. मी म्हटलं, तिला टोचेल. सगळ्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मीच येडा.

मग लाइन लागली. एकेक बाई येऊन तुझ्या कपाळाचं कुंकू बोटावर घ्यायची आणि स्वतःला लावायची. नशीबवान गं पोर, सौभाग्य घेऊन गेली. असं मरण आम्हाला पण येऊ दे. कृतिका, एकोणतीसची होतीस तू. एवढी वर्षं केमो, ते पोटातलं पाणी काढणं, तोंडात फोड आल्यावर स्ट्रॉने पेज. ह्यातलं नक्की काय पाहिजे होतं ह्यांना? त्या लाइनीत माझी आई पण होती. जिने तुझी बेडपॅन काढली, तुझ्या पायांना तेल लावलं, ती पण बोट पुढे करून उभी. मी आईकडे बघितलं तर तिने मान खाली घातली, पण कुंकू घेतलं.

हे सगळं मी गिळलं. मला एकच हवं होतं. तुझ्याबरोबर शेवटपर्यंत जायचं होतं. पहिल्या सोनोग्राफीपासून मी प्रत्येक दारापर्यंत आलेलो. ठाण्याच्या त्या हॉस्पिटलात 'पेशंटशिवाय कोणी नाही' लिहिलेल्या दारापर्यंत पण मी वाद घालत घालत यायचो, आठवतं? वॉर्डबॉय हसायचे. तू म्हणायचीस, फुल चार्ज नवरा आहे, ह्याला कुठेतरी प्लगमधून काढा रे. स्कॅनच्या फिल्म मी बाल्कनीत उजेडासमोर धरून बघायचो. प्रत्येक औषधाचं वाचून डॉक्टरांचं डोकं खायचो. त्या दिवशी शेवटचं एकच दार बाकी होतं आणि मला वाटलं, तिथे तरी कोणी अडवणार नाही.

मी पुढून खांदा दिलेला. गावदेवीच्या नाक्यावर आत्याने मागून माझा शर्ट धरला. बाला, आता पुरं येव नको. पुढे का नको? मला वाटलं, जरा थांबून खांदेकरी बदलायचे असतील. तोवर नयनने माझ्या जागी खांदा दिला पण. माझा सख्खा भाऊ, आणि नजरेला नजर देत नव्हता. मग कळलं. आमच्या घरात तरण्या माणसाची बायको गेली तर तो नाक्यापर्यंतच जातो. तिथून पाठ फिरवायची, मागे बघायचं नाही, अग्नी दुसऱ्याने द्यायचा. तुला परत बाशिंग बांधाचा हाय, आत्या म्हणाली. तू खांद्यावर होतीस आणि ही माझ्या दुसऱ्या लग्नाचं बोलत होती. असं काही असतं हे मला माहीतच नव्हतं. घरात शेवटचं असं झालं तेव्हा मी जन्मलो पण नव्हतो.

मी गप्प बसलो नाही. आत्याला सगळ्यांसमोर म्हटलं, तुमची अक्कल बापजाद्यांच्या मिठागरातच राहिली का, बिल्डिंगी बांधल्या तरी? चुलतभावांनी दोन्ही दंड धरले आणि तू गेलीस. वळणावर स्कार्फचा कोपरा दिसला, मग तो पण नाही. मला साईनाथच्या मोबाइलच्या दुकानात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं. त्याने शटर अर्धं खाली केलं. समोर पोस्टर, दोन मोबाइल घ्या, कव्हर फ्री. मी ते वाचत होतो आणि तिकडे माझ्या बायकोला जाळत होते. आता स्मशानात गॅस आलाय, धूरसुद्धा दिसत नाही. साईनाथने बिचाऱ्याने पाण्याची बाटली दिली, मी ती त्याच्याच काउंटरवर आपटली. सॉरी म्हणायचं राहिलंय.

तेव्हापासून मी आत्याशी बोललो नाही. ती रोज भाकरी आणि कालवण घेऊन यायची, मी ताट सरकवून द्यायचो. तिच्यासमोर आईला म्हणायचो, पाहुण्यांना सांग, नवरामुलगा जेवला नाही. कोपरीहून तुझे पप्पा आले, त्यांच्यासमोर पण मी तिला सोडलं नाही. म्हटलं, ह्यांना विचारा, ह्यांच्याकडे पुढच्या मुलीचे फोटो तयार असतील. तुझे पप्पा चहा तसाच ठेवून निघून गेले. आत्याने तो कप उचलून नेला. एवढी तोंडाळ बाई, जी भाजीवाल्याला पण सोडत नाही, ती एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, लाज वाटते तिला. वाटू दे.

आज दुपारी ती उद्याची तयारी करायला आली. उद्या तुझं दहावं, खडवलीला नदीवर, तिथेच अस्थी सोडायच्या. नयन जाणार असं ठरलेलं. मी म्हटलं, बघतोच उद्या मला कोण अडवतं, आणा अजून चार जण दंड धरायला. तर आतून आई एकदम ओरडली. बस कर रे आता. तुझ्या बायकोनेच सांगून ठेवलेलं. आत्या म्हणाली, गप गो मंजुला. पण आईचं निघून गेलेलं तोंडातून.

मग आत्या खाली फरशीवर बसली आणि तिने सांगितलं. मी ऑफिसला जायचो तेव्हा ती तुझ्याजवळ बसायची ना, जुन्या गोष्टी सांगत. त्यातच ही नाक्याची गोष्ट तिने तुला सांगितलेली. आणि तू ती बरोबर धरलीस. तिचा हात धरून म्हणालीस, आत्या, मग देवेशला पण नाक्यावरूनच परत पाठवा. ती नको म्हणाली. म्हणाली, जुना झाला ता, आता कोन पालतंय. तर तू तिला शपथ घातलीस. तुमचं कोणी ऐकत नाही असं होतच नाही म्हणालीस. आणि त्याला माझं नाव सांगू नका, तो भांडायला मला स्मशानातून परत बोलवेल.

हसलीस पण असशील तेव्हा. मला माहितीये तुझं हसणं. ती शिव्या खात होती, आणि तुझ्या शब्दाला जागली म्हणून खात होती. मी तिला सगळ्या गावासमोर काय काय बोललो कृतिका, आणि ते सगळं तुझ्या नावावरचं होतं.

तू म्हणजे कमाल आहेस. वटपौर्णिमेला तू दुपारी मिसळ मागवलेलीस. आत्याला म्हणालेलीस, झाडाला दोरा गुंडाळून नवरा जगला असता तर मेडिक्लेम कोणी काढला असता? एकही रीत पाळली नाहीस. आणि मरताना एक रीत उचललीस ती माझ्याविरुद्ध. आपण सगळं मिळून ठरवायचो. केमोच्या सुईसाठी छातीतला पोर्ट कुठल्या बाजूला बसवायचा, केस आधीच कापायचे की गळायची वाट बघायची, शेवटी बास करायचं आणि घरी यायचं, ते पण आपण दोघांनीच ठरवलं, हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये, एका डोशात दोघं. तेव्हा मी नाही म्हटलं नाही. मग ही एकच गोष्ट मला न विचारता का? मी काय तुझा पेशंट होतो?

आत्या म्हणाली, तू तिला कारण पण सांगितलेलंस. तो बघत बसेल, म्हणालीस. शेवटपर्यंत डोळे उघडे ठेवून बघत बसेल, आणि मग आयुष्यभर तेच बघत राहील. त्याच्याकडे माझं दुसरं पण काहीतरी राहू दे. आत्याला ते नीट कळलं नाही, म्हणून तिने बाशिंगाचं काढलं. तिला तेवढंच माहीत होतं.

बरोबर ओळखलंस. बघत बसलो असतो. पण तू एक विसरलीस. बघायला मिळालं नाही तर हा माणूस स्वतःच्या डोक्यात बनवतो. मी त्या खुर्चीवर बसून जे बघितलंय ना, ते खऱ्यापेक्षा वाईट आहे. रोज बघतोय. हा तुझा हिशेब साफ चुकला, आणि हे तुला सांगायला तू नाहीस, म्हणून माझं डोकं जास्त फिरतंय.

आत्याची मी माफी मागायला गेलो तर म्हणाली, ऱ्हाव दे रं. मग म्हणाली, तिनी सांगलेला तवरा मी केला. उद्याचा तिनी काय सांगला नाय. आणि ताट वाढून आणलं. मी जेवलो. तिखट होतं, रडलो तरी चालण्यासारखं.

तर हे पत्र एवढ्यासाठी. तू माझ्या पाठीमागे केलंस, मी तुझ्या पाठीमागे करणार नाही, तोंडावर सांगतोय. उद्या खडवलीला नयन नाही, मी जाणार. पाण्यात मी उतरणार. तुला नको होतं ते सगळं बघणार, डोळे उघडे ठेवून, हाडं असतील तर हाडं. नंतर मला काय दिसत राहील ते माझं मी बघेन. लग्न करीन, नाही करीन, ते पण माझं मी. तुझ्यावरचा राग जायला वेळ लागेल आणि मला त्याची घाई नाही. तू मात्र जा आता. तुला खूप दुखत होतं, मला माहितीये, आणि थांब म्हणणाऱ्यांत सगळ्यात पुढे मीच होतो. जा. फक्त पाण्यात सोडताना मी मूठ लगेच उघडणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तेवढा वेळ तू थांबायचंस.

तुझाच, आणि उद्यासुद्धा चिडलेला असणारा,
देवेश