राणीमागची बाई

८ जाने. २००७, सोम.
म्युझियमचं ट्रेनिंग संपलं. शनिवारपासून मी गाइड, फुकटची का होईना. वाट्याला आलंय जुन्या युरोपातल्या दरबारांचं दालन. शेवटचं चित्र: राणी बसलेली, मागे तिची सखी, हातमोजे धरून. राजाने पुढे हिलाच ठेवली. राणीचे केस विंचरायचे, पत्रं पोचवायची, आणि वर हे.
नवरा, सु., म्हणाला, "तुला जमेल. वहिनींकडे प्रॅक्टिस चालूच आहे." मेला. पण खोटं कुठे आहे? शुभांगीवहिनी म्हणजे सु. च्या तुआसच्या कारखान्यातल्या साहेबांची बायको. त्यांच्या खरेदीला मी, डेंटिस्टकडे मी, ब्लाउजच्या फिटिंगला मी.

१० जाने., बुध.
बुकित तिमाहच्या मार्केटात मासे घ्यायला गेले. वर हॉकर सेंटरला, खाण्याच्या गाळ्यांकडे, कॉफीसाठी चढले, तर कोपऱ्यात साहेब आणि त्यांच्या ऑफिसातली नेहा. साहेब तिला कोळंबी सोलून देत होते. घरी पाण्याचा पेलासुद्धा हातात लागतो या माणसाला! मला पाहिलं. मान हलवली, आणि पुढची कोळंबी घेतली.
नेहा दर रविवारी वहिनींकडे जेवते. त्यांना ताई म्हणते.
सु. ला सांगितलं. "तू काही पाहिलं नाहीस. मार्चमध्ये माझा इथल्या नोकरीचा पास संपतोय. रिन्यूअलचा कागद साहेबांच्याच टेबलावरून जाणार."

१२ जाने., शुक्र.
वहिनींचा फोन. उद्या मराठी मंडळाच्या आठ जणी माझ्या टूरला. "नेहालाही आणते."
शेवटचं चित्र गाळू का, म्हणून म्युझियमच्या बाईंना विचारलं. "कॅनॉट लाह, एव्हरीबडी कम्स फॉर दॅट वन."

१३ जाने., शनि.
चित्रापाशी नुसतं भरतकामावर बोलत राहिले. मोती, लेस, जाळी. मूर्ख मी. पाटी भिंतीवर आहे. वहिनींनी ती मोठ्याने वाचली, सावकाश, अख्खी.
"राणीला माहीत होतं का गं?"
तशी नोंद नाही, म्हटलं.
"बाकीच्या सख्यांना असणार की. त्या का नाही बोलल्या?"
"त्यांच्या नवऱ्यांच्या नोकऱ्या दरबारातच होत्या," मी म्हटलं. गेलं तोंडातून. पुस्तकात होतं तेच, पण...
नेहा फोनमध्ये बघत होती. वहिनी माझ्याकडे.

१६ जाने., मंगळ.
तीन दिवस वहिनींचा फोन नाही. सु. चं जेवणात लक्ष नाही. "कशाला बोललीस?" ऑफिसात साहेब अगदी नेहमीसारखे, म्हणून तो जास्तच घाबरलाय.
लेकीला, ईराला, सहज विचारलं, पुण्याच्या शाळेत जाशील का? "डोन्ट वॉन्ट लाह. व्हाय?" सहज नव्हतं ते, तिलाही कळलं. रात्रभर बुकित पंजांगचं हे दोन खोल्यांचं घर डोळ्यांपुढे.

१८ जाने., गुरु.
वहिनींनी बोलावलं. परवाच्या हळदीकुंकवाची तयारी. तिळगुळाच्या पुड्या बांधत होतो. मान वर न करता म्हणाल्या, "पहिलं वाण नेहाला देणारेय."
"वहिनी, तिचं लग्न कुठे झालंय?"
"म्हणूनच. सवाष्णीचा मान, सगळ्यांसमोर. तू तबक धरून माझ्या शेजारी उभी राहा."
हो म्हटलं. त्यांच्याकडे बघून नाही म्हणवेना. कोणाकडून कळलं, हे त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

२० जाने., शनि. दु. ४
सु. म्हणतो, ताप आलाय म्हणून कळव. मी तिथे उभी दिसले की साहेबांना वाटणार, हिनेच सांगितलं. मी काही सांगितलेलं नाही. पण तसं छातीठोक म्हणता येईल का? पास गेला तर महिन्याभरात गाशा गुंडाळायचा.
भीती वाटतेय. खूप. आणि एक गोष्ट सु. ला सांगवत नाही: वाण हातात पडताना नेहाचं तोंड मला बघायचंय.
काठापदराची नेसलेय. टॅक्सी खाली उभी आहे. सु. दारात आडवा. निघते.