तालुक्यातून जहाजावर गेलेली पहिली

३ नोव्हेंबर, सोमवार

मनाली परत आली! करार नऊ महिन्यांचा, आली पाचव्यातच. तिची आई विमलाबाई दारातूनच म्हणाल्या, "पोट्टी घरात कोणाशी बोलून नाही राहिली जी. तुमी पेपरवाले, तुमच्याशी बोलंल." पंधरा वर्षांचा शेजार, पण बोलावलं ते पेपरवाला म्हणून.

बोलली. क्रूझवर ती खोल्या साफ करायच्या कामावर होती. तिच्या सुपरवायझरने सगळ्या खोल्या उघडणाऱ्या मास्टर कार्डाने तिची केबिन उघडली. पुढचं इथेही लिहीत नाही. दाराला आतून कडी नव्हती. "मागतली होती काका. दोनदा." तपासणारा डॉक्टर कंपनीचा, चौकशी करणारे सिक्युरिटीवालेही कंपनीचेच. चार दिवसांनी पुढच्या बंदरात उतरवलं, विमानाचं तिकीट हातात दिलं. 'माझी काही तक्रार नाही' अशा कागदावर सही मागितली. तिने केली नाही.

मी शाब्बास म्हणालो. मग वाटलं, यात शाब्बास काय म्हणायचं!

४ नोव्हेंबर

जहाजाची नोंदणी आणि झेंडा एका बेटाचा, कंपनीचं ऑफिस दुसऱ्याच देशात, घटना भर समुद्रात, पोरगी साकोलीची. दाद मागायची कुणाकडे? तीस वर्षं कोर्टाच्या बातम्या देतोय आणि मला माहीत नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

भंडाऱ्याला गेलो. मनाली, विमलाबाई, मी. वकील दामिनीताई – जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीतल्या, फी नाही. त्यांनी आधी एकच विचारलं, "तो माणूस कुठला?"

"आपल्याच देशातला."

"मग वाट आहे." भारतीय माणसाने परदेशी जहाजावर गुन्हा केला तरी इथे नोंदवता येतो, साकोली ठाण्यातसुद्धा. खटल्याआधी केंद्र सरकारची परवानगी लागेल, वेळ जाईल. तो परदेशी असता तर झेंड्याच्या देशाचं दार ठोठावावं लागलं असतं. कंपनीला आजच नोटीस – सीसीटीव्ही आणि दाराच्या कार्डाची नोंद पुसू नका म्हणून. अशा गोष्टी काही आठवड्यांत पुसल्या जातात.

निघताना म्हणाल्या, "ओळख बाहेर जाऊ देऊ नका. खटला हिच्या हिमतीवर उभा आहे. ती खचली तर माझ्या हातात काही राहत नाही."

एसटीत विमलाबाई पुटपुटल्या, "गावाले समजलं तं तोंड कुठं लपवू व माय?"

मनाली खिडकीतून नजर न काढता म्हणाली, "तोंड त्यानं लपवाचं. आपण काहून?"

८ नोव्हेंबर, शनिवार

तक्रार नोंदली. महिला अधिकाऱ्याने नीट ऐकून घेतलं, तीन तास. बाहेर येऊन मनालीने दोन आलूबोंडे खाल्ले. "जहाजावर चौदा परकारचं जेवण, काका, पर आलूबोंडा नाही!" हसली. आल्यापासून पहिल्यांदा.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पेपरच्या संपादकीय डेस्कवरच्या चंद्रकुमारचा फोन. रविवारच्या पानात जागा आहे, काहीतरी कामाचं द्या. म्हटलं, जहाजावर असं घडलं तर मुलीने काय करावं, हे लिहितो. मनालीला विचारलं. "लिहा. जाच्या आधी मले हे कोणी सांगतलं नाही. पर माहं नाव नोको."

अर्ध्या तासात लिहून झालं. कपडे धुऊ नका. लेखी तक्रार द्या, तिचा फोटो काढून घरी पाठवा. सही करू नका. बंदर आलं की भारतीय वकिलातीला फोन करा.

चंद्रकुमार म्हणाला, "कोरडं झालं हो. स्थानिक धागा पाहिजे." रविवारची पुरवणी मंगळवारीच छपाईला जाते; पान सुटायला वीस मिनिटं. एक वाक्य घातलं – साकोली तालुक्यातील एका तरुणीवर नुकताच असा प्रसंग आला. नाव नाही, गाव नाही. नियमात बसलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

छापून आलं. चांगलं दिसतंय. लाखांदूरहून एका बापाचा फोन – त्याची मुलगी डिसेंबरात जहाजावर जाणार आहे. बरं वाटलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

टपरीवाला तुलाराम पेपर पुढे करून म्हणाला, "भाऊ, हे विमलाबाईची पोट्टीच ना? आपल्या तालुक्यातून जहाजावर दुसरी गेलीच कोण?"

चहा तसाच ठेवला.

सगळ्यांना ठाऊक आहे, कारण मीच सांगितलंय. ती निघाली तेव्हा तीन कॉलम, फोटोसकट – 'साकोली तालुक्यातील पहिली तरुणी क्रूझवर'. 'पहिली' मी घातलं होतं. बातमीला वजन येतं.

विमलाबाईंचं दार बंद. आतूनच आवाज आला, "नाव नाही लिवलं तं काय झालं जी? तुमी तं बोट दाखवून देल्लं!"

१८ नोव्हेंबर

दार बंदच.

२० नोव्हेंबर, गुरुवार

दामिनीताईंचा फोन. कंपनीचं उत्तर आलं – फुटेज आहे, राखून ठेवलंय! पण विमलाबाई म्हणतात, तक्रार मागे घ्या. मनाली फोन उचलत नाही. "एक वाक्य कमी लिहिलं असतं तर चाललं नसतं का हो?" शांतपणे विचारलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

२१ नोव्हेंबर

माफीनामा लिहायला बसलो. छापायचा तर कशाची माफी ते सांगावं लागेल. म्हणजे पुन्हा तिच्याकडेच बोट. फाडला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

ठाण्यातून फोन. मनाली एकटी जाऊन आली. पहिली तक्रार कायम. दुसरीही दिली – ओळख उघड केल्याची, माझ्याविरुद्ध. मला उद्या अकराला बोलावलंय. धागा डेस्कला हवा होता, असं सांगता येईल. सांगणार नाही. वाक्य माझं आहे.